उत्पन्नाचे आकडे वाचताना

उत्पन्न वाढल्याची बातमी आली की मी आधी कर वजा करते. उरतं ते खर्चायोग्य उत्पन्न. मग महागाई. उत्पन्न ४ टक्क्यांनी आणि भाव ६ टक्क्यांनी वाढले, तर खरेदीची ताकद जवळपास २ टक्क्यांनी घटलीच. पुढे बचतीचा दर बघा, म्हणजे खर्चायोग्य उत्पन्नातला किती टक्के भाग शिल्लक राहतो ते. खर्च वाढतोय पण हा दर घसरतोय, म्हणजे बरेचदा लोक शिलकीला हात घालताहेत किंवा कर्ज काढताहेत. सरासरीवर माझा फारसा भरवसा नाही, मूठभर श्रीमंत ती वर खेचतात. मध्यक, म्हणजे सगळ्यांना उत्पन्नाच्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधल्याचं उत्पन्न, मिळाला तर तोच घ्या. आणि हो, राष्ट्रीय हिशेबात, म्हणजे अख्ख्या देशाच्या उत्पन्न-खर्चाच्या अधिकृत हिशेबात, शेअर विकून झालेला नफा उत्पन्नात धरत नाहीत, त्यावरचा कर मात्र वजा होतो. त्यामुळे तेजीच्या काळात बचत उगाच कमी दिसते.