गरोदरपणात आणि तान्ह्या बाळाला: हात कुठे ठेवायचा, किती दाबायचा

गरोदरपणात कंबर धरते ती हाड सरकल्यामुळे नव्हे. संप्रेरकांमुळे ओटीपोटाच्या सांध्यांचे अस्थिबंध (हाडांना बांधून ठेवणारे पट्टे) सैल पडतात, पोट वाढतं तसा शरीराचा भार पुढे जातो आणि तो तोलायला कमरेचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. म्हणजे सांधे आधीच जरा जास्त हलताहेत. त्यांना झटका देऊन आणखी मोकळं करण्यात काही अर्थ नाही. थकलेले स्नायू सैल करायचे आणि सैल सांध्यांना आधार द्यायचा, एवढंच काम. कायरोप्रॅक्टर (मणके आणि सांधे हातांनी हलवून उपचार करणारा) असो, मालिश करणारी बाई असो की घरातलं कुणी, इथूनच सुरुवात करावी.

हात लावण्याआधी विचारून घ्यायचं: रक्तस्राव किंवा अंगावरून पाणी जातंय का, वार खाली आहे असं सोनोग्राफीत आलंय का, दिवस भरण्याआधीच पोट कडक होऊन कळा येताहेत का, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त आहे का, डोकं ठणकतंय किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत का. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर मालिश राहू द्या, आधी डॉक्टर. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तिला हातच लावू नये. गरोदरपणात रक्त गोठण्याकडे कल असतो. शिरेत गाठ झाली असेल, तर दाबल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून चांगल्या पोटऱ्यांवरही अंगठ्याने खोल दाबायचं नाही. तळहाताने घोट्याकडून गुडघ्याकडे हलकं फिरवलं की पुरे.

साधारण २० आठवड्यांनंतर फार वेळ उताणं झोपवू नये. गर्भाशयाचं वजन पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि गरगरतं, मळमळतं. तसं झालंच तर लगेच कुशीवर वळवावं. मालिश कुशीवरच करायची आणि त्यासाठी चार उशा लागतात: डोक्याखाली एक, पोटाला खालून टेकू द्यायला एक पातळ, पाठीमागे एक आणि दोन पायांमध्ये एक लांब. चूक बहुतेक या चौथ्या उशीत होते. ती फक्त गुडघ्यांपर्यंत असली की वरचं पाऊल खाली लोंबतं, खुबा आत वळतो आणि ज्या सांध्याला आराम द्यायचा त्यालाच पीळ पडतो. उशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हवी.

पोटासाठी भोक असलेलं टेबल दिसायला मोठं सोयीचं वाटतं, पण त्यात पोट अधांतरी लोंबतं आणि अस्थिबंध ताणले जातात. कूस बरी.

आता हात. कमरेखाली दोन खळ्या दिसतात, त्यांच्यामधलं सपाट त्रिकोणी हाड म्हणजे त्रिकास्थी. तिथे तळहाताची टाच ठेवा आणि बोटांचा जोर न लावता स्वतःचं वजन सावकाश झुकवा. पाच सेकंद धरा, तितक्याच सावकाश सोडा. असं ८–१० वेळा. मग सैल मुठीने त्रिकास्थीच्या कडेपासून नितंबावरून खुब्याकडे गोल गोल जा. मणक्यांवर थेट दाब नको, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या मांसल पट्ट्यांवर चालेल. एका कुशीला १०–१५ मिनिटं पुष्कळ झाली. दाब जास्त होतोय का हे तोंडाने विचारण्यापेक्षा पायांकडे बघा: बोटं आखडली किंवा तिने श्वास रोखला, तर हात हलका करायचा. पोटावर फक्त तळहात फिरवायचा, दाबायचं अजिबात नाही. त्रिकास्थीवरचा हाच दाब बाळंतपणाच्या कळांमध्येही उपयोगी पडतो. तेव्हा मात्र बरेचदा ती स्वतःच आणखी जोरात दाबायला सांगते.

जांघेच्या हाडात किंवा नितंबाच्या एका बाजूला, पाऊल उचलताना कळ येत असेल तर मालिशपेक्षा पट्ट्याचा उपयोग जास्त. हा पट्टा पोटाभोवती नव्हे, त्याच्या खाली, खुब्यांच्या पातळीवर बांधतात आणि तो जांघेच्या हाडासमोरून जातो. वर सरकला की नुसता पोटाला काचतो. सलवार बसूनच घालावी, एका पायावर तोल धरू नये. बिछान्यातून उठताना गुडघे जोडून आख्खं अंग एकदम कुशीवर वळवावं, पाय खाली सोडावेत आणि हातांनी रेटून उठावं.

कायरोप्रॅक्टरकडे जायचं तर पहिल्याच भेटीत गरोदर असल्याचं, कितवा आठवडा आहे हे आणि डॉक्टरांनी काय सांगितलंय ते सांगा. हलक्या जोराच्या पद्धती असतात: टेबलाचा तुकडा किंचित खाली पडणारी, खुब्यांखाली पाचर ठेवून अंगाचंच वजन वापरणारी, हातातल्या छोट्या उपकरणाने टिचकी देणारी. तेवढ्याच मागा. मान झटक्याने पिळू देऊ नका. क्वचित का होईना, मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात होऊ शकतो. आणि तो ‘कट्’ आवाज? सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होतानाचा. हाड जागेवर बसल्याची ती खूण नाही. तीन-चार भेटींत चालणं, कूस बदलणं सोपं झालं नाही, तर वीस भेटींचं पॅकेज घेण्यात अर्थ नाही.

बाळ पायाळू असेल तर लॅरी वेब्स्टर या कायरोप्रॅक्टरच्या नावाची एक पद्धत सुचवली जाते. तिने ओटीपोटाचा ताण कमी होऊन आईला आराम वाटू शकतो, पण बाळ फिरतं याला भक्कम पुरावा नाही. ३६–३७ आठवड्यांच्या सुमारास प्रसूतितज्ज्ञ सोनोग्राफी आणि बाळाचे ठोके पाहत पोटावरून बाळ फिरवतात आणि ते साधारण निम्म्या वेळा जमतं. भेटींच्या नादात हे आठवडे निघून जाणं हाच खरा तोटा.

तान्ह्या बाळाच्या मणक्यांना झटका द्यायचाच नाही. त्याचे मणके अजून बरेचसे कूर्चेचे, म्हणजे मऊ हाडाचे असतात आणि डोक्याचं वजन मान पेलत नाही. ऑस्ट्रेलियाच्या कायरोप्रॅक्टिक मंडळानेही २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांवर असे उपचार थांबवायला सांगितलं होतं. पोटदुखीने रडणाऱ्या बाळांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा: हे रडणं दोन-तीन आठवड्यांचं असताना सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. सहाव्या आठवड्यात कोणताही उपचार सुरू केला, तरी गुण आल्यासारखंच वाटणार.

बाळ सतत एकाच बाजूला मान वळवत असेल, मानेत गाठ लागत असेल किंवा डोकं एका बाजूने चपटं होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून फिजिओथेरपी लवकर सुरू करावी. वेळ गेला की स्नायू आखडत जातो. घरी दिवे, आवाज, खेळणी दुसऱ्या बाजूला ठेवा. जागं असताना, समोर बसून, दिवसातून दोन-तीनदा ३–५ मिनिटं पालथं घाला. झोपवताना मात्र नेहमी उताणंच.

मालिश दूध पाजल्यानंतर पाऊण तासाने, उबदार खोलीत. ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर मालिश नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला तो ताप म्हणजे तडक दवाखाना. बिनवासाच्या सूर्यफूल तेलाचा एक थेंब आदल्या दिवशी हातावर लावून बघा. नाका-कानात तेल नको, कारण ते फुप्फुसात उतरू शकतं. टाळूवर बोटाने दाबू नका. दाब किती, हे कळायला स्वतःची पापणी मिटून त्यावर बोट फिरवा: डोळ्याला खुपत नाही तेवढाच. पायांपासून सुरू करा, मांडीकडून पावलाकडे. पाय सरळ ताणून जुळवायचे नाहीत, खुबे वाकलेले आणि फाकलेलेच राहू द्या. पोटावर बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, कारण मोठं आतडं त्याच दिशेने जातं. नाळ पडून बेंबी सुकेपर्यंत पोटाला हात लावू नका. मग दोन्ही गुडघे सावकाश पोटाकडे आणा, तीन-चार सेकंद थांबा, सोडा. बाळ तोंड फिरवायला किंवा मुठी घट्ट आवळायला लागलं, की मालिश अर्धी झालेली असली तरी तिथेच थांबवा आणि दुपट्यात गुंडाळून घ्या.