हिप्परग्याला सायकलनं, निवांत

डिसेंबर-जानेवारीतच जा, सोलापूरच्या उन्हाळ्यात हा नाद नको. उजाडता उजाडता तुळजापूर रोड धरा, ट्रक वाढायच्या आत. आदिला नदी अडवून १८७१ साली झालेला हा एकरुख तलाव, म्हणजेच हिप्परगा तलाव.

काठच्या पायवाटेवर खरा वैरी सराटा, जमिनीलगत पसरणाऱ्या वेलीचा टोकदार काटा. एका फेरीत माझी दोन पंक्चर झाली, कारण ट्यूब बदलली पण काटा टायरमध्येच! म्हणून आधी टायरच्या आतून फडकं फिरवा. अडकलं तिथं काटा. चिमट्यानं उपसा, मगच नवी ट्यूब घाला.

ओल्या काळ्या मातीत शिरू नका, मडगार्डात गच्च बसून चाक जाम होतं.

शेकाट्या, हा लांब पायांचा पाणपक्षी, दिसला की उतरा, सायकल हातात धरून चाला. कडक भाकरी, शेंगाचटणी डब्यात असूद्या.