कन्सोलची रॅम: गेमला किती, सिस्टीमला किती, हे कसं काढायचं आणि त्याचा उपयोग काय

सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात पोवई नाक्याला कुणी सेकंडहँड कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) घ्यायला गेलं की पहिला प्रश्न असतो, मेमरी किती आहे, आणि उत्तर येतं "एक टीबी आहे की". इथंच सगळा घोळ होतो, कारण विचारलेलं एक आणि सांगितलेलं दुसरंच. म्हणून हे नीट पायरी पायरीनं बघूया, घाई करू नका, एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पायरी १: स्टोरेज आणि रॅम वेगळी करा

५०० जीबी, ८२५ जीबी, १ टीबी हे सगळे स्टोरेजचे आकडे. तिथं गेम इन्स्टॉल होतो. रॅम म्हणजे गेम चालू असताना त्याचा नकाशा, गाड्या, आवाज, टेक्श्चर (वस्तूंवरचं चित्र) जिथं उघडून ठेवलेलं असतं ती जागा. सोनीच्या पीएस ४ मध्ये (म्हणजे प्लेस्टेशन ४) ती ८ जीबी, पीएस ५ मध्ये १६ जीबी. ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, त्यामुळं दुकानदार "मेमरी वाढवून देतो" म्हणाला तर तो हार्डडिस्क नाहीतर एसएसडीबद्दल (हार्डडिस्कपेक्षा फास्ट स्टोरेज) बोलतोय असंच समजायचं. पीएस ४ ला एसएसडी टाकून घेतला तर लोडिंग कमी होतं, त्यात काही वाईट नाही, पण रॅम आहे तेवढीच राहते.

पायरी २: सिस्टीमचा हिस्सा वजा करा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. बॉक्सवर लिहिलेली रॅम पूर्ण गेमला कधीच मिळत नाही. पार्टी चॅट (खेळता खेळता मित्रांशी बोलणं), मित्रांची लिस्ट, ट्रॉफी (गेममधली बक्षिसं), स्टोअर, मागं चाललेलं डाउनलोड, आणि पीएस ४ तर न सांगता शेवटच्या १५ मिनिटांचं रेकॉर्डिंग सुद्धा करत असतो, या सगळ्याला जागा लागते आणि ती आधीच बाजूला काढून ठेवलेली असते.

आता आकडे बघा. मायक्रोसॉफ्टच्या २०१३ च्या एक्सबॉक्स वनमध्ये ८ पैकी ३ जीबी सिस्टीमला, ५ गेमला. पीएस ४ मध्ये पण गेमला ५ च्या आसपासच. निन्टेन्डोच्या वी यू मध्ये २ जीबी होती आणि ती सरळ निम्मी निम्मी, एक जीबी सिस्टीमला, एक गेमला! एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ पैकी साडेतेरा गेमला. पीएस ५ मध्ये साधारण साडेबारा. निन्टेन्डोच्याच स्विच २ मध्ये १२ पैकी ९.

ही वाटणी शेताच्या वाटणीसारखीच पक्की असते. मधे बांध घातलेला असतो, आणि सिस्टीमचं रान नुसतं पडीक राहिलं तरी गेमला तो बांध कोरता येत नाही. गेम बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की आपल्याला एवढंच मिळणार, आणि तो तेवढ्यातच सगळं बसवतो. म्हणूनच दहा वर्षं जुना कन्सोल सुद्धा त्याच्यासाठी केलेला गेम बऱ्यापैकी चालवतो.

कंपन्या एवढी जास्त जागा का अडवून ठेवतात याचं कारण मला फार पटतं. सिस्टीमचा हिस्सा नंतर कमी करून गेमला देता येतो, पण गेमला एकदा दिलेलं परत काढून घेता येत नाही, कारण जुने गेम ते धरूनच बनलेले असतात. पीएस ३ चं उदाहरण घ्या. त्याची रॅम मोजून ५१२ एमबी, म्हणजे अर्धा जीबी, ती पण २५६-२५६ अशी दोन तुकड्यांत. गेम खेळता खेळता मेनू उघडायची सोय २००८ च्या अपडेटमध्ये आली, आणि वेगवेगळे गेम खेळणाऱ्या मित्रांनी एकमेकांशी बोलायची सोय तर त्यावर कधीच आली नाही, सोनीकडूनच कारण सांगितलं गेलं की मेमरी पुरत नाही. त्याच काळातल्या एक्सबॉक्स ३६० ने ३२ एमबी सुरुवातीपासून सिस्टीमला ठेवली होती आणि त्यावर पार्टी चॅट झालं. उलट बाजूनं, २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सिरीज एसच्या (सिरीज एक्सचा स्वस्त भाऊ) डेव्हलपर्सना काही शे एमबी जास्तीची मोकळी करून दिली. द्यायला जागा होती म्हणून देता आली.

पायरी ३: उरलेली रॅम किती वेगाची ते बघा

हे जास्त करून एक्सबॉक्स घेणाऱ्यांसाठी, पीएस ४ वाल्यांसाठी शेवटी एक गोष्ट आहे. सिरीज एक्समध्ये १० जीबी ५६० जीबी प्रति सेकंदाची आणि ६ जीबी ३३६ ची, सिस्टीमचे अडीच जीबी या सावकाश भागातनं जातात, म्हणजे फास्ट भाग पूर्ण गेमला. सिरीज एसमध्ये एकूण १० च, त्यातली ८ जीबी २२४ ची, उरलेली २ जीबी फक्त ५६ ची. स्वस्त मिळतो म्हणून सिरीज एस घेताना हा फरक डोक्यात ठेवा.

पीएस ४ आणि पीएस ४ प्रो मध्ये अडकला असाल तर प्रो घ्या असंच मी सांगेन. दोन्हीत मेन रॅम ८ जीबीच आहे, पण प्रो मध्ये वेगळी १ जीबी सावकाश रॅम दिलीय, गेम खेळताना मागं राहिलेलं नेटफ्लिक्ससारखं अ‍ॅप तिकडं हलवतात आणि त्यामुळं गेमला ५१२ एमबी जादा मिळते.

पायरी ४: काय बंद करायचं आणि काय नाही

मोबाईलवर अ‍ॅप उडवायची सवय इथं कामाची नाही. मागं गाण्याचं अ‍ॅप चालू आहे म्हणून गेम अडकतोय असं वाटतं, पण ते अ‍ॅप सिस्टीमच्या हिश्शात चालतंय, बंद केलं तरी गेमला एक एमबी पण जास्त मिळणार नाही. डाउनलोड चालू असताना ऑनलाइन मॅच अडकते ती नेटमुळं, तेव्हा डाउनलोड थांबवा, पण रॅमला दोष देऊ नका.

उपयोग होतो तो दुसऱ्या गोष्टीचा. एखादा गेम दिवसेंदिवस रेस्ट मोडमधनं (कन्सोल पूर्ण बंद न करता झोपवून ठेवणं) उठवून उठवून खेळलात तर त्याच्या स्वतःच्या हिश्शात कचरा साठू शकतो, मग अडकतो नाहीतर क्रॅश होतो. अशा वेळी तो गेम पूर्ण क्लोज करून परत चालू करा. एक्सबॉक्सवर गेमच्या आयकॉनवर मेनूचं बटण दाबून क्विट, प्लेस्टेशनवर क्लोज गेम. तरी फरक नाही पडला तर कन्सोल रीस्टार्ट.

पायरी ५: लाईट जायच्या आधीची काळजी

आपल्याकडं पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो त्यामुळं हे नीट वाचा. प्लेस्टेशन रेस्ट मोडला टाकल्यावर थांबवलेला गेम रॅममध्येच असतो आणि रॅमला सतत करंट लागतो. लाईट गेली की तो गेम गेला, शेवटच्या सेव्हपासून परत. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसच्या क्विक रिझ्यूममध्ये (थांबवलेला गेम होता तिथनंच परत उघडायची सोय) गेमची रॅममधली स्थिती एसएसडीवर लिहून ठेवतात, त्यामुळं प्लग काढला तरी बहुतेक गेम तिथनंच उघडतात, पण सगळे गेम याला सपोर्ट करत नाहीत, आणि ऑनलाइन गेममध्ये तर सर्व्हरशी कनेक्शन तुटलेलंच असतं. म्हणून प्लेस्टेशनवाल्यांनी रेस्ट मोडला टाकायच्या आधी हातानं सेव्ह करायचंच, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर कन्सोलचा प्लग त्याच्या लाईनवर घ्यायचा, मात्र लोड झेपतोय का ते आधी इलेक्ट्रिशियनला विचारून.