सिक्वेन्स अलाइनमेंट शिकायचंय? आधी कागद घ्या

बायोइन्फर्मेटिक्स शिकायला येणारं प्रत्येक जण मला पहिल्याच दिवशी ब्लास्टबद्दल, म्हणजे डेटाबेसमधून सारख्या सिक्वेन्स शोधून देणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, विचारतं. मी कागद-पेन्सिल काढायला सांगतो. तोंडं वाकडी होतात, होऊ देत. हातानं एक तक्ता भरलेला नसेल तर पुढचं सगळं नुसतं बटणं दाबणं आहे.

दोन इवल्याशा सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या माळा, घ्या: जीएटी आणि जीसीएटी. त्या एकमेकींशी जास्तीत जास्त जुळतील अशा मांडणं म्हणजे अलाइनमेंट. पहिली डावीकडे उभी लिहा, दुसरी वर आडवी. नियम असे: अक्षर जुळलं तर +१, नाही जुळलं तर −१, गॅप (अक्षरासमोर रिकामी जागा) सोडली तर −२. कोपऱ्यात ०. वरची ओळ −२, −४, −६, −८ आणि डावा रकाना −२, −४, −६ असा उतरत जातो, कारण तिथे गॅपशिवाय दुसरं काही नसतं.

आता प्रत्येक चौकटीला तीन वाटा: तिरकी (अक्षरांचा +१ किंवा −१ मिळवून), वरून आणि डावीकडून (गॅपचे −२ मिळवून). जी-जीच्या चौकटीत तिरकं ०+१, म्हणजे १. तिच्या उजवीकडे जी-सी: तिरकं −३, वरून −६, डावीकडून १−२ म्हणजे −१. सर्वांत मोठा −१, तोच लिहा आणि तो कुठून आला त्याचा बाणही काढा. बाण काढायचा कंटाळा करू नका. उत्तर बाणांतच असतं. सगळा तक्ता भरला की शेवटच्या चौकटीत १ येतो. तिथून बाण धरून मागे आलात की सीच्या समोर गॅप पडलेली दिसते. ही नीडलमन-वुन्श पद्धत, १९७०ची.

मग तोच तक्ता पुन्हा भरा, पण ऋण आकडा आला की त्याजागी ० लिहा. मागे येताना कोपऱ्यातून नाही, सर्वांत मोठ्या आकड्यापासून निघा आणि ० लागला की थांबा. आता उत्तर फक्त 'एटी', स्कोअर २. सुरुवातीचा जी गळाला! स्मिथ आणि वॉटरमन यांनी १९८१मध्ये केलेला बदल एवढाच. दोन लांबलचक प्रोटीनांमधला एखादाच तुकडा सारखा असेल तर तो याने सापडतो.

प्रोटीनसाठी +१/−१ चालत नाही. तिथे अमिनो आम्लांच्या (प्रोटीनच्या अक्षरांच्या) प्रत्येक जोडीला गुण देणारा ब्लोसम६२ तक्ता उघडा: ट्रिप्टोफॅन जुळलं तर ११, ल्युसीन जुळलं तर ४, आणि ल्युसीनच्या जागी आयसोल्युसीन आलं तरी +२. दुर्मीळ अमिनो आम्ल जुळणं जास्त मोलाचं, आणि स्वभावानं जवळची अमिनो आम्लं एकमेकांची जागा घेतात. हे आकड्यांत उतरलेलं आहे.

एवढं झालं की पायथॉनमध्ये लिहा. एकात एक अशी दोन लूप, फार काही नाही. बायोपायथॉन या तयार लायब्ररीचं उत्तर ताडून बघायला घ्या, लिहून घ्यायला नको.

ब्लास्ट आता. हजार अक्षरांच्या दोन सिक्वेन्सना दहा लाख चौकटी लागतात. अख्ख्या डेटाबेसशी असं कोण भरत बसणार? म्हणून १९९०मध्ये आलेला ब्लास्ट आधी छोटे शब्द जुळवतो आणि जिथे धागा लागतो तिथेच पुढे वाढवतो. वेग मिळतो, पण सर्वोत्तम जुळणी सापडेलच याची हमी जाते. निकालात टक्केवारीआधी ई-व्हॅल्यू बघा: इतका स्कोअर निव्वळ योगायोगानं किती वेळा येईल याचा तो अंदाज. डेटाबेस मोठा केला की स्कोअर तोच राहतो, ई-व्हॅल्यू मात्र वाढते. एकच सिक्वेन्स दोन डेटाबेसांत शोधून हे स्वतः बघा.