उशाशी बसायला शिकताना : सीपीईच्या पहिल्या युनिटसाठी

अमेरिकेतल्या हॉस्पिटलात चॅप्लेन, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारं माणूस, व्हायचंय म्हणून मला वर्षातून चार-पाच तरी फोन येतात. बहुतेक आपल्याच बायका असतात, मुलं कॉलेजला गेलेल्या, माणसांची ओढ असलेल्या. पहिला प्रश्न ठरलेला: "आपण हिंदू, आपल्याला घेतात का?" घेतात. ओहायोतल्या माझ्या सीपीईच्या, म्हणजे चॅप्लेनच्या प्रशिक्षणाच्या, पहिल्या बॅचमध्ये आम्ही पाच जण होतो. एक मेथडिस्ट पाळक, एक कॅथलिक सिस्टर, एक इमाम, कुठलाच धर्म न मानणारी एक तरुण मुलगी आणि मी, मिरजेच्या वारकरी घरातली. दुसरा प्रश्न असतो, "जाण्याआधी काय वाचू?" त्याचं उत्तर जरा लांब आहे, कारण इथे पुस्तक म्हणजे समोरचा माणूस.

हे मी अलंकारिक बोलत नाही. क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनची, म्हणजेच सीपीईची, सुरुवातच त्या विचारातून झाली. अँटन बॉइसन हे पाळक १९२० साली स्वतः मनोरुग्ण म्हणून दाखल झाले होते. बरे झाल्यावर १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलात धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी आणले. मुलं दिवसा वॉर्डात अटेंडंटची कामं करायची आणि संध्याकाळी बसून पाहिलेल्या माणसांबद्दल बोलायची. ग्रंथ जितक्या बारकाईने वाचता तितक्याच बारकाईने हे जिवंत मानवी दस्तऐवज वाचा, हा बॉइसन यांचा आग्रह होता. पाळकांनाही डॉक्टरांसारखं एक वर्ष वॉर्डात काढायला लावा, असं बॉस्टनचे डॉक्टर रिचर्ड केबट त्याच सुमारास म्हणत होते. पुढे मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये केबट आणि रसेल डिक्स यांनी रुग्णाशी झालेलं बोलणं शब्दशः लिहून काढायची पद्धत रुजवली. तोच आजचा व्हर्बेटिम. युनिटमध्ये, म्हणजे प्रशिक्षणाच्या एका टप्प्यात, तुम्हाला सगळ्यात जास्त शिकवणारी आणि सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट हीच.

आधी कागदपत्रांचं उरकते. एक युनिट किमान ४०० तासांचं असतं. त्यातले किमान १०० तास गटात आणि सुपरव्हायझरसोबत जातात, बाकीचा मोठा वाटा वॉर्डात. उन्हाळ्यात सलग करता येतं, नाहीतर नोकरी सांभाळून कित्येक महिने पसरून. सुटं युनिट करताना फी आपण भरायची. वर्षभराच्या रेसिडेन्सीत उलट आपल्याला स्टायपेंड मिळतो. बोर्ड सर्टिफिकेशनपर्यंत, म्हणजे चॅप्लेन म्हणून व्यावसायिक मान्यतेपर्यंत, जायचं असेल तर चार युनिट, मास्टर्स पदवी, २००० तासांचं काम आणि आपल्या धर्मसमाजाचं पत्र लागतं. त्या पत्रासाठी देवळाच्या कमिटीशी पहिल्या युनिटपासूनच बोलायला लागा. चॅप्लेन म्हणजे कोण, हेच तिथे आधी समजावून सांगावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

अर्जात आयुष्याची कहाणी लिहायला सांगतात, श्रद्धेचा प्रवास विचारतात, आणि कुणाला तरी मदत केल्याचा एक प्रसंगही मागतात. इथे आपली माणसं हमखास समाजकार्याची यादी देतात. ती नको. मी रक्तदान शिबिरांबद्दल लिहिलं होतं. मुलाखतीत सुपरव्हायझरने कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुम्ही आजारी असताना तुमच्या उशाशी कोण बसलं होतं?" मला आमची आत्या आठवली. टायफॉइडमध्ये ती रात्रभर माझ्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. हे सांगितलं आणि मला घेतलं. अर्जात तुमच्या आत्याबद्दल लिहा.

वॉर्डात पहिल्या दिवशी दारावरची पाटी वाचा. गाऊन आणि मास्क लागणार का, ते तिथे लिहिलेलं असतं. हाताला फोम लावा, दार वाजवा, नर्सला विचारून आत जा. खुर्ची ओढून घ्या आणि डोळे रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीला येतील अशा बेताने बसा. उभं राहिलात तर रुग्णाला वाटतं, ही निघालीच. नाव सांगा, काम सांगा, आणि "मी बसू का?" असं खरोखर विचारा. हॉस्पिटलात रुग्णाला सुई टोचणाऱ्याला सहजासहजी नाही म्हणता येत नाही, पहाटे चारला रक्त न्यायला येणाऱ्यालाही नाही. चॅप्लेनला मात्र येतं. "नको, आज नको" असं कुणी म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका. दिवसभरात त्याच्या हातात असलेली तेवढीच एक गोष्ट असेल, आणि ती तुम्ही त्याला दिलीत.

आता व्हर्बेटिम. भेट झाल्यावर त्याच दिवशी लिहा. दुसऱ्या दिवशी आठवण तुमची बाजू घ्यायला लागते. नाव, खोली नंबर, ओळख पटेल असं काहीही नको. आधी चार ओळींत रुग्णाची माहिती आणि तुम्ही आत काय मनात घेऊन गेलात ते. मग संवाद, प्रत्येक वाक्याला नंबर देऊन. शांतता लिहा, ती किती वेळ होती ते लिहा, तुमचा हात कुठे होता ते लिहा. वाक्यं सुधारू नका. जे बोलायला हवं होतं ते न लिहिता जे बोललात तेच लिहा.

माझा दुसरा व्हर्बेटिम देते, ओळख बदलून आणि इंग्रजीचं मराठी करून. रुग्ण सत्तरीचा शेतकरी, मधुमेहामुळे गुडघ्याखालून पाय काढलेला. रु म्हणजे रुग्ण, च म्हणजे चॅप्लेन, मी.

रु १ : या. टीव्ही बंद करतो.
च १ : आज कसं वाटतंय?
रु २ : पाय दुखतोय. (थांबून) नसलेला.
च २ : डॉक्टरांना सांगितलंत का? त्यावर औषध असतं.
रु ३ : सांगितलंय. बायको म्हणते, शेत विकू या.
च ३ : मुलं जवळच असतात का तुमची?
रु ४ : मुलगा टेक्सासला. चांगला आहे.
च ४ : छान. मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का?
रु ५ : करा की.

गटासमोर हे मोठ्याने वाचायचं असतं, रुग्णाचे शब्द दुसऱ्या कुणीतरी. आमच्या इमामांनी रु ३ वाचलं, मी च ३ वाचलं, आणि सुपरव्हायझर म्हणाल्या, "थांबा. शेत कुठे गेलं?"

मला कळेना. मी प्रेमाने बोलले होते, प्रार्थना केली होती, माणसाने आभार मानले होते. मग त्यांनी विचारलं, "शेत विकणं म्हणजे तुमच्या घरात काय असतं?" २००३ च्या दुष्काळात आमची कवठेमहांकाळकडची द्राक्षबाग मोडली आणि जमीन विकली. आईने मला ते फोनवर सांगितलं, तेव्हा मी इथे होते. मी तिला विचारलं होतं, "भाच्यांचं कसं चाललंय?" च ३ हे माझं वाक्य मी वीस वर्षांपूर्वी आईशी बोलले होते. गटात मी खूप रडले. सिस्टरने टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला नाही, त्याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे. टिश्यू पुढे करणं म्हणजे "आता पूस" असं सांगणं, हेही मी त्या खोलीतच शिकले.

म्हणून माझा सल्ला: व्हर्बेटिम लिहून झाला की लाल पेन घ्या आणि तुम्ही जिथून पळालात ती ओळ शोधा. पळण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. माहितीचा प्रश्न विचारणं, औषध सुचवणं, "सगळं ठीक होईल", आणि आपल्या कामात सगळ्यात सभ्य दिसणारी वाट म्हणजे प्रार्थना. च ४ मधली प्रार्थना मी माझ्यासाठी केली होती, खोलीतून बाहेर पडायला. ती ओळ सापडली की तिच्याखाली लिहा: त्या क्षणी माझ्या पोटात काय झालं?

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. म्हटलं, "काल तुम्ही शेताचं बोललात आणि मी विषय बदलला." ते माझ्याकडे बघत राहिले. मग चाळीस मिनिटं सोयाबीनबद्दल, आजोबांनी बांधलेल्या गोठ्याबद्दल आणि ट्रॅक्टरचा क्लच कुठल्या पायाने दाबतात त्याबद्दल बोलले. त्या दिवशी प्रार्थना झाली नाही.

व्हर्बेटिमच्या शेवटी धर्मचिंतनाचा भाग असतो. तिथे आपली माणसं अडखळतात, किंवा गीतेतले श्लोक मांडतात. श्लोक चुकीचा नसतो, पण तो तुमचा असला पाहिजे. आणि प्रारब्ध, कर्म, मागच्या जन्मीचं हे शब्द रुग्णाने स्वतः काढल्याशिवाय खोलीत आणू नका, अगदी हिंदू रुग्णाकडेही. मी पुंडलिकाबद्दल लिहिलं. आईवडिलांची सेवा सोडून तो उठला नाही, विटेवर देवाला उभं केलं, आणि देव थांबला. खोलीत माझ्याआधी कुणीतरी थांबलेलं आहे, मी फक्त शेजारी उभी राहायला जाते, हे मला तिथून मिळालं. इमामांनी तो कागद मागून घेतला.

गटाचे तास अवघड जातात. तिथे पाठ नसतो, विषय नसतो. एकमेकांबद्दल काय वाटतं ते तोंडावर बोलायचं असतं. "जाऊ दे, कशाला वाईटपणा घ्या" हे आपल्या हाडात मुरलेलं. मी चार आठवडे गप्प होते. मेथडिस्ट पाळक दर वेळी माझं वाक्य तोडायचे, आणि मी घरी येऊन भांडी आपटायचे. शेवटी त्यांना सांगितलं. त्यांनी माफी मागितली, आणि म्हणाले की आपण रुग्णांचंही वाक्य तोडतो हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं. बोला, चार आठवडे थांबू नका.

आपल्याकडचे रुग्ण आले की स्टाफ तुम्हाला हमखास बोलावेल. दोन गोष्टी पक्क्या ठेवा. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन किंवा उदबत्ती लावता येत नाही. सेलवर चालणारी पणती पिशवीत ठेवा. आणि तोंडात गंगाजल घालायचं असेल तर आधी नर्सला विचारा, कारण गिळता न येणाऱ्याच्या ते श्वासनलिकेत जातं. तोंड ओलं करायचा स्पंजचा बोळा मागा, तो गंगाजलात बुडवून ओठांना लावा, तुळशीचं पान ओठांवर ठेवा. हे मुलाच्या किंवा मुलीच्या हातून करवा. तुम्ही वाटी धरा.

वाटी धरायला मी शिकले ते मात्र एका कॅथलिक घराकडून. पहिल्या युनिटमधली माझी तिसरी ऑन-कॉल रात्र, पावणेतीनला पेजर वाजला. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळ जात होतं, आईवडिलांना बाप्तिस्मा हवा होता, आणि फादर पोहोचायला पाऊण तास लागणार होता. जीव धोक्यात असेल तर कुणीही, बाप्तिस्मा न झालेला माणूससुद्धा, योग्य हेतूने तो देऊ शकतो, असं कॅथलिक चर्च मानतं. हे मला ओरिएंटेशनमध्ये शिकवलं होतं आणि मी तयारीनेच गेले होते. आत गेल्यावर कोपऱ्यात आजी दिसली, हातात जपमाळ. मी आईला विचारलं, "पाणी कुणाच्या हातून हवं?" तिने आजीकडे पाहिलं.

नर्सने स्टेराईल पाण्याची कुपी फोडून औषधाच्या छोट्या कपात ओतली. कप मी धरला, दुसऱ्या हाताने बाळाची विणलेली टोपी मागे सारली. आजीने तीनदा पाणी घातलं, बोटांच्या टोकांनी, कारण कप कलंडवायला तिचा हात थरथरत होता. मी बाळाचं नाव दोनदा विचारून घेतलं, स्पेलिंगसकट. मग नाव, वेळ आणि पाणी घालणारीचं नाव त्यांच्या पॅरिशला, म्हणजे त्यांच्या भागातल्या चर्चला, कळवायच्या कागदावर लिहिलं, आणि आजीला वाचून दाखवलं.