श्रीखंडाला जाईचा वास: टिश्यू सोडून फडक्यांकडे वळताना या चुका टाळा

यंदाच्या पाडव्याला आमच्या घरचं श्रीखंड कुणी दुसऱ्यांदा मागितलं नाही. केशर होतं, वेलची होती, चक्काही छान घट्ट उतरला होता. पण चमचा तोंडाजवळ नेला की जाईच्या फुलांचा वास यायचा. चक्का टांगायचं मलमलचं फडकं मी आदल्या दिवशी कपड्यांबरोबर मशीनला लावलं होतं, वरून सुगंधी कंडिशनर झाकणभर ओतून. रात्रभर टांगलेल्या दह्याने तो वास इमानदारीने ओढून घेतला. आई एवढंच म्हणाली, "फडक्याला कशाला अत्तर लावतोस रे?"

तोवर घरातला किचन रोल, पेपर नॅपकिन, टिश्यूचे डबे बंद करून दोन वर्षं झाली होती आणि मी स्वतःला या विषयातला जाणकार समजत होतो. ज्या नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली (त्या जागेवर आता मॉल आहे) आणि ज्याच्या आसपास पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वावरं आहेत, तिथल्या माणसाला फडकं वापरायचं शिकावं लागावं, ही तशी लाजेचीच गोष्ट. असो. केलेल्या चुका सांगतो.

नवं कापड पाणी पीत नाही

सुरुवात मी उत्साहाने केली. गांधीबागेच्या कापडबाजारातून मांजरपाट आणला, हातभर चौकोन कापले, कडांना पिको करून घेतला आणि त्याच संध्याकाळी वापरायला काढले. ओट्यावर पाणी सांडलं, वर फडकं टाकलं, तर पाणी फडक्याच्या पुढे पुढे पळायला लागलं. कापड खराब नव्हतं. कोऱ्या कापडावर खळ असते आणि सुताला कापसाचा मूळचा मेणचटपणाही असतो. तो जाईपर्यंत ते पाणी धरत नाही. धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यात रात्रभर भिजवा, मग दोन-तीनदा साधं धुवा. झालं की नाही ते बघायला वरून पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब गोळीसारखा बसून राहिला तर अजून एक धुणं बाकी आहे. हे सगळं कापड कापण्याआधी करायचं, कारण ते आटतं. माझे चौकोन पहिल्याच धुण्यात वाकडे झाले, ते अजून तसेच आहेत.

खरं तर नवं कापड आणायचीच गरज नव्हती. जुनी सुती चादर, विरलेलं धोतर, आजोबांचे पंचे यांच्यासारखं पाणी पिणारं काही नाही. फक्त कापड सुतीच आहे ना, ते बघा. कडेचा एक धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळा. कागद जळल्यासारखा वास येऊन राख झाली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, आणि ते कितीही धुतलं तरी सुतासारखं पाणी पिणार नाही.

कंडिशनरचं आधीच सांगितलं. वास हा त्याचा एक दोष झाला. तो सुतावर पातळ थर चढवतो, त्याने कापड मऊ लागतं आणि तेवढंच पाणी कमी ओढतं. पुसायच्या फडक्यांना कंडिशनर कधीच नको.

वापरलेलं ओलं फडकं कुठे ठेवायचं?

माझ्या बघण्यात बहुतेक घरं इथेच हात टेकून पुन्हा किचन रोलवर येतात. कागद फेकला की विषय संपतो. फडकं मात्र पुसून झाल्यावरही घरातच असतं, ओलं आणि मळकं. मी सिंकखाली झाकणाची छान बकेट ठेवली होती. तीन दिवसांनी झाकण उघडलं आणि अख्ख्या स्वयंपाकघराला कुबट वास सुटला.

ओलं फडकं कोंडायचं नाही. आधी वाळवायचं, मग साठवायचं. आमच्याकडे आता ओट्याच्या कडेला पाच खिळ्यांची पट्टी आहे. वापरलेलं फडकं पिळून तिथे टांगायचं, रात्री वाळलेली काढून उघड्या टोपलीत टाकायची आणि एक दिवसाआड धुवायची.

उन्हाळ्यात नागपूरकरांना हे सोपं जातं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, गच्चीवर टाकलेलं फडकं खाली उतरून चहा घेईपर्यंत पापडासारखं होतं. मात्र कुलरच्या खोलीत वाळत घालण्याची चूक करू नका. कुलर ओली हवाच आत ढकलतो, त्यामुळे फडकं संध्याकाळपर्यंत दमटच राहतं. पावसाळ्यात तर दोन दिवस वाळत नाही, म्हणून तेव्हा फडक्यांची संख्या दुप्पट लागते. चौघांच्या घरात उन्हाळ्यात पंधरा-वीस पुरतात, श्रावणात पुरत नाहीत.

कुबट वास बसलाच तर जास्त पावडर घालू नका. ती नीट निघत नाही आणि तिच्याच थरात वास अडकतो. पातेल्यात पाणी, चमचाभर धुण्याचा सोडा, दहा मिनिटं खळखळून उकळी, मग कडक ऊन. अॅल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, सोड्याने काळं पडतं. फडक्यांसाठी एक जुनं स्टीलचं वेगळं ठेवा.

धुतलेली फडकी राठ आणि करडी होत असतील तर पाणी तपासा. पेंच-कन्हानचं पाणी नळाला येतं तिथे हा त्रास कमी. ले-आउटमधल्या बोअरच्या जड पाण्यात साबणाची वडी घासली की त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा चिकट साका होतो आणि तो सुतात बसतो. अशा वेळी वडीऐवजी डिटर्जंट वापरा आणि पाण्यात आधी थोडा सोडा घाला.

तर्रीला फडकं लावू नका

ही नागपूरची खास चूक. तर्री पोहे झाले, सावजी रस्सा झाला, प्लेटमधला लाल तवंग आपण सवयीने टिश्यूने पुसायचो. तेच काम फडक्याला दिलं की ते आठवड्याभरात खवट होतं. वर मशीनमध्ये सोबतच्या पांढऱ्या शर्टालाही तेल लावतं. ताट पोळीच्या तुकड्याने निपटा, नाहीतर बोटाने. तळण निथळायला झारा आणि जाळी पुरे. भजी वर्तमानपत्रावर काढू नका, शाई तेलात उतरते. छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नका, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच बजावलं आहे. फडक्यावर तेल पडलंच तर पाणी लावायच्या आधी भांड्याचा साबण कोरडाच चोळा, मग गरम पाणी.

जवसाच्या तेलाचं मात्र गंमत म्हणून सोडू नका. पाट, दारं, जुनं लाकूड आपण या तेलाने पुसतो. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि सुकताना तापतं. तेलकट फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि फडकं आपोआप पेटू शकतं. ते बाहेर मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

हळदीला घाबरू नका. साबण लागताच डाग लालभडक होतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ब्लीचिंग पावडरची बाटली शोधायला धावलो होतो. साबणातल्या खारामुळे हळदीचा रंग तेवढा पालटतो, बाकी काही नाही. धुऊन ओलंच उन्हात टाका. दोन-तीन उन्हांत पिवळा डाग फिकट होत जातो, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. ब्लीचिंग वापरायचंच असेल तर लिंबूसत्त्व, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अॅसिड त्याच्या जवळपासही नको. क्लोरीन वायू निघतो.

धुणार कोण?

हा प्रश्न मी विचारलाच नव्हता, कामाच्या मावशींनी विचारला. पहिल्या आठवड्याचा ढीग बघून त्या म्हणाल्या, "भाऊ, कागद होते तं बरं होतं. हे येवढे फडके कोण धुईन?" पर्यावरण आमचं आणि हात त्यांचे, हे काही बरोबर नव्हतं. आता फडकी धुवायची पाळी माझी, आणि तेव्हापासून घरात विनाकारण फडकं ओढणं एकदम कमी झालं आहे.

काही कामांना आम्ही कागद ठेवला आहे. कच्चं चिकन-मटण ठेवलेला ओटा, कुणाला जुलाब-उलट्या झाल्या तर ते, आणि शेजाऱ्यांच्या मांजरीचे पराक्रम. त्यासाठी एक रोल कपाटात असतो. वर्षभर पुरतो.

पोळ्यांच्या डब्यातलं आणि चक्क्याचं फडकं मात्र बाकीच्यांत मिसळत नाही. पोळीखालचं रोज बदलायचं, कारण वाफेने ते ओलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पोळीला आंबूस वास येतो. दोन्हींना सुगंधी पावडर नाही, मशीन नाही. गरम पाणी, थोडा खाण्याचा सोडा आणि ऊन. चक्क्याच्या फडक्याच्या कोपऱ्यात आईने लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवली आहे, माझ्यासाठी.