उणे वेगळं, वजा वेगळं

खानापुरात शिकवणी सुरू केली त्याला आता नऊ वर्षं झाली. पहिल्या वर्षी सहावीच्या पोरांना धन-ऋण संख्या शिकवताना मीच तोंडावर पडलो. ‘वजा वजा अधिक’ एवढं घोकून घेतलं आणि चाचणीत निम्म्या वर्गानं −३ − ५ चं उत्तर +८ लिहिलं. चूक माझी. तो मंत्र गुणाकारातला. शिवाय कंसाबाहेरची खूण आणि आतली खूण यांची दोन कामं मी सांगितलीच नव्हती.

नव्यानं शिकवायला लागणाऱ्यांनी आधी वाचायची सवय लावा. मराठीत दोन शब्द आयते आहेत: संख्येला ‘उणे’, क्रियेला ‘वजा’. −३ − (−५) हे ‘उणे तीनातून उणे पाच वजा’ असं मोठ्यानं म्हणवून घ्या. पोरं अडखळतात, अडखळू देत.

मग उधारीची वही काढा. आमच्याकडे किराणा दुकानात ती असतेच. खिशात ५० रुपये, वहीत ८० उधारी: ५० + (−८०) = −३०. इथवर कुणालाही जमतं. खरी गोम पुढं. दुकानदारानं चहापुडीचे २० रुपये चुकून दोनदा मांडलेत. आपण भांडतो, तो एक ओळ खोडतो. खिशात नवा पैसा आला नाही, तरी आपण २० रुपयांनी वर: −३० − (−२०) = −१०. ती खोडलेली ओळ म्हणजेच ऋण वजा करणं. मी खरंच वही नेतो आणि पोरांच्या हातात पेन देऊन ती ओळ खोडायला लावतो. नुसतं फळ्यावर लिहून भागत नाही.

ही उपमा माझी नव्हे. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ‘धन’ आणि ‘ऋण’ याच शब्दांत नियम मांडले. शून्यातून ऋण वजा केलं की धन, हेही त्याचंच. कन्नड माध्यमाची दोन पोरं येतात, त्यांच्या पुस्तकातही ‘ऋण’च आहे, घरी कर्जाला ‘साल’ म्हणतात, एवढाच फरक. त्यावर मराठी पोरं हसतात, मग मीही हसतो.

संख्यारेषा? दाखवा, पण आडवी नको. विहिरीच्या पायऱ्यांसारखी उभी काढा, पाण्याची पातळी शून्य. −७ मोठी की −२, हे तिथं लगेच कळतं. वजाबाकीसाठी मात्र वहीच बरी.

आणि गुणाकार महिनाभर तरी काढू नका.